संपूर्ण संच : दहा तबकड्या, एक आवाज आणि आपली हौस



घोटीत तांदळावर बोलायला माणसं पुष्कळ येतात. धरणांवर आणि कळसूबाईच्या वाटेवरही येतात. गाण्याच्या पेटीवर बोलायला कोणी आलं असेल असं वाटत नाही. पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे, तेवढं आधीच सांगतो, नाहीतर मागच्या रांगेतले आमचे भजनी मंडळाचे मित्र साथीला सरसावून बसायचे. (हशा) आम्ही बोलणार आहोत त्या दुसऱ्या पेटीबद्दल. पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा जाड खोका, त्यात पाच, दहा, कधी सत्तर तबकड्या, एक पुस्तिका, काही फोटो आणि वर लिहिलेलं असतं : संपूर्ण. हल्लीची मुलं तिला ‘बॉक्स सेट’ म्हणतात. आवडत्या बँडचा बॉक्स सेट निघाला की पहिला पगार त्यात घालणारी मुलं आपल्या नाशिक जिल्ह्यातही आहेत, आणि त्यांचे आईवडील आम्हांला विचारतात, “फोनवर फुकट ऐकायला मिळतं ना हे सगळं? मग पैसे कशाचे?”

प्रश्न रास्त आहे. पण तो नवा नाही, एवढंच आम्हांला आज दाखवायचं आहे. तोच प्रश्न मराठी घरांत साठ वर्षांपूर्वी येऊन गेला. तेव्हा बँड नव्हता, गीतरामायण होतं.

आधी थोडं बाहेरचं सांगतो, कारण मुलं जे विकत घेतात त्याची चाल तिथून आली आहे. इंग्लंडमध्ये रेडिओहेड नावाचा बँड आहे. त्यांचा ईएमआय या बड्या कंपनीशी असलेला करार संपला, आणि २००७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच इंटरनेटवर ठेवला. किंमत? तुम्हांला वाटेल ती द्या. शून्य दिले तरी गाणी तुमची. त्याच वेळी त्यांनी त्याच अल्बमची एक पेटीही विकायला काढली, चाळीस पौंडांची. तिच्यात दोन मोठ्या तबकड्या, सीडी, जास्तीच्या गाण्यांची आणखी एक सीडी आणि चित्रांचं पुस्तक. एका हाताने फुकट आणि दुसऱ्या हाताने चाळीस पौंड! व्यापारी माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण लोकांनी पेटी घेतली. मग डिसेंबरात ईएमआयने काय केलं, तर तिच्याकडे हक्क असलेले बँडचे जुने अल्बम गोळा करून आपली वेगळी पेटी बाजारात आणली. बँड घर सोडून गेला होता, ही पेटी त्याच्या पाठीमागे निघाली. म्हणजे एकाच बँडच्या, एकाच वर्षातल्या दोन पेट्या : एक गाणाऱ्यांनी भरलेली, एक गोदामाने भरलेली. दुकानात दोन्ही सारख्याच रुबाबात उभ्या.

आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१०मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम दर महिन्याला एक गाणं अशा हप्त्यांनी इंटरनेटवर फुकट दिला. तबलजी आणि गायक असीम चक्रवर्ती २००९च्या शेवटी गेले होते, त्यांचा आवाज त्या गाण्यांत आहे. महिन्याला एक गाणं! म्हणजे ऐकणाऱ्याने वाट बघायची. हे वाट बघणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या घरी येऊ.

१९५५ साली १ एप्रिलला रामनवमी होती, वार शुक्रवार. त्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत लागलं. केंद्रावर सीताकांत लाड होते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दोघेही १९१९चे, म्हणजे पस्तिशीतले. आठवड्याला एक नवं गीत, असा वर्षभराचा बेत. बावन्न आठवडे म्हणून बावन्न गीतं व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती छप्पन्न झाली. पंचांगाने एखाद्या कलाकृतीची लांबी ठरवल्याचं दुसरं उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही.

हे सगळं फुकट होतं का? अगदी फुकट नव्हतं. रेडिओ महाग होता, आणि घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागायचा, पोस्टात जाऊन वर्षाची फी भरावी लागायची. आमच्यातल्या वयस्करांना ती छोटी पुस्तिका आठवत असेल. पण एका रेडिओभोवती आळी बसायची, तेव्हा बसणाऱ्यांना ते फुकटच. शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत छापून यायचे, लोक ते कापून वहीत चिकटवायचे. १९५७मध्ये सरकारच्याच प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं. शब्द वहीत, चाल डोक्यात, आणि जिथे डोकं चुकेल तिथे शेजारीण दुरुस्त करणार. याहून संपूर्ण संच कोणता?

आणि तरीही साठच्या दशकाच्या मध्यात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या त्या कुत्र्याच्या एचएमव्हीने, गीतरामायणाचा दहा एल.पी.चा संच काढला आणि तो खपला. ही कंपनी तेव्हा कोणाची होती? ईएमआयचीच. रेडिओहेड ज्या घरातून बाहेर पडला, त्याच घराची ही हिंदुस्थानातली शाखा.

दहा एल.पी. घेणं म्हणजे काय, ते आजच्या हिशेबात नीट कळत नाही. आधी वाजवायला यंत्र हवं. चावीचा जुना फोनो चालत नाही, कारण जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते आणि एल.पी. सव्वातेहतीसच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ३३ आणि एक तृतीयांश. म्हणजे नवा रेकॉर्ड प्लेअर, त्याला वीज, वीज असलेलं घर. मग दहा तबकड्या. एरवी माणूस एखादी तबकडी घेई, लग्नकार्यात लावी. दहा एकदम घेणं ही चैन होती आणि ती करणारा माणूस चैनी नव्हता. शाळामास्तर, तालुक्याचा डॉक्टर, बँकेतला कारकून, गिरणीमालक. यांनी गीतरामायण ऐकलेलं होतं, पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट त्यांनी विकत घेतली.

कशासाठी? नेहमीचं उत्तर भक्ती हे आहे. ते खोटं नाही, पण त्याने काही उलगडत नाही. भक्तीला तबकडी लागत नाही. दुसरं उत्तर प्रतिष्ठा, दिवाणखान्यात दिसतं म्हणून. तेही थोडं खरं. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी विकत घेतलं ते हवं तेव्हा ऐकण्याचं स्वातंत्र्य, आणि त्या बदल्यात, त्यांच्या नकळत, एक फार मोठी गोष्ट दिली. कोणती ते सांगतो. टीका म्हणून जे काही आम्हांला म्हणायचं आहे ते इथेच आहे.

रेडिओवरचं गीतरामायण अनेक आवाजांचं होतं. फडके होतेच. पण माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर, ललिता फडके, मालती पांडे होत्या. आणखीही पुष्कळ. पात्र बदललं की आवाज बदलायचा. अहिल्या बोलते तेव्हा बाई गायची, शबरीचं गाणं बाईच्या गळ्यातून यायचं. ती एक दीर्घ संगीतिका होती, वर्षभर चाललेली, आणि तिच्यात पुण्याच्या आसपासचे कितीतरी गळे राबले होते.

दहा तबकड्यांच्या संचात एकच आवाज आहे. सुधीर फडक्यांचा. राम तेच, लक्ष्मण तेच, कौसल्या तेच, शूर्पणखाही तेच.

हा बदल बारीक नाही, मंडळी. नाटकाचा सगळा संच एका नटाने करावा, तसा हा बदल आहे. आणि गंमत अशी की आज मराठी माणसाला तुम्ही विचारा, गीतरामायण कोणी गायलं, तर तो एक क्षणही न थांबता सांगेल, बाबूजींनी. मूळ प्रसारणाची आठवण सांगणारे लेख निघतात, वर्धापनदिनाला त्या गायकांची नावं छापली जातात, आम्ही नाकारत नाही. पण कानात जे बसलं ते पेटीतलं. रेडिओचं गाणं हवेत गेलं, पेटीचं घरात राहिलं. घरात राहिलेलं पुढच्या पिढीने ऐकलं, आणि त्या पिढीला तेच मूळ वाटलं.

आता यात काय गेलं आणि काय आलं, ते नीट तोललं पाहिजे. नुसतं ‘बायकांचे आवाज गेले, वाईट झालं’ म्हणून भागत नाही. वाईट झालंच. माणिक वर्मांसारखी गायिका ज्या कामात होती, त्या कामाच्या घरोघरी गेलेल्या रूपात तिचा आवाज नसावा ही हानी आहे आणि ती भरून निघालेली नाही. स्त्रीचं दुःख पुरुषाच्या गळ्यातून ऐकताना आपण ते जरा लांबून ऐकतो. सीतेचा शेवटचा भाग लावून बघा. फडक्यांचा गळा जड होतो, शब्द ओले होतात, पण ते सीतेबद्दलचं दुःख आहे, सीतेचं नाही. हा फरक आम्हांला दरवेळी ऐकू येतो.

पण आलं काय? इथे आम्ही घोटीकरांच्या ओळखीचा दाखला देऊ. कीर्तनकार काय करतो? एकटा उभा राहतो. तोच रुक्मिणी होतो, तोच सुदामा होतो, तोच द्वारपाल. आपण कधी म्हणतो का, की बुवा, रुक्मिणीसाठी बाई का नाही आणलीत? नाही म्हणत. कारण कीर्तनात पात्रं दिसायची नसतात, ती सांगायची असतात. संचातलं गीतरामायण हे कीर्तन आहे. रेडिओवर ती संगीतिका होती, पेटीत शिरताना तिचं कीर्तन झालं. फडके रंगमंचावर एकटे पेटी घेऊन बसायचे, इथे मात्र बाजाचीच पेटी बरं का, (हशा) आणि गीतरामायणाचे कार्यक्रम करायचे. त्या कार्यक्रमाचीच घडण या संचात आहे. एकच सांगणारा असल्यामुळे छप्पन्न गीतांना एक कणा मिळतो. फडक्यांचे उच्चार तर असे की शब्दातलं एक अक्षर सांडत नाही. माडगूळकरांचा शब्द त्यांनी जसा ठेवला, तसा इतक्या निरनिराळ्या गळ्यांनी सारखा ठेवला असता का, शंका आहे. म्हणून आमचा निवाडा असा : संच हे गीतरामायणाचं संपूर्ण रूप नाही, ते त्याचं दुसरं रूप आहे आणि त्या दुसऱ्या रूपात ते थोर आहे. फसवणूक असेल तर ती गाण्यात नाही, ‘संपूर्ण’ मानण्यात आहे.

इथे तुमच्या भातगिरणीची आठवण येते. गिरणीत जे पोतं भरतं ते भात नव्हे, तांदूळ. तूस गेलं, कोंडा गेला, पॉलिश चढलं. तांदूळ पांढरा दिसतो, टिकतो, लांब जातो. पोत्यावर ‘घोटीचा तांदूळ’ लिहिलेलं खोटं नसतं. पण शेतात जे उभं होतं ते एवढंच नव्हतं, हे घोटीत कोणाला सांगावं लागत नाही. गाण्याच्या पेटीबाबत मात्र ते सांगावं लागतं. हल्ली जुन्या गाण्यांना ‘रीमास्टर’ करतात ना, खरखर काढतात, आवाज उजळतात, ते अक्षरशः पॉलिश आहे. कधी त्यात कोंडाही जातो.

दुसरी गोष्ट, वाट बघण्याची. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं. शुक्रवारी नवं गीत, मग शनिवार-रविवारी तेच पुन्हा, आणि मग पुढच्या शुक्रवारपर्यंत काही नाही. राम वनवासाला निघाला की आठवडाभर तो निघालेलाच. आळीत त्याचीच चर्चा. छप्पन्न आठवड्यांत माणसाच्या घरात काय काय घडतं? कोणाचं बाळंतपण, कोणाचा मृत्यू, एक पूर्ण पावसाळा, पेरणी, लावणी, सोंगणी. त्या सगळ्याच्या मध्ये हे रामायण चालू होतं. पेटीने हा काळ गुंडाळला. दहा तबकड्या, वीस बाजू. सुट्टीच्या दिवशी सकाळी लावलं तर जेवणं, झोप धरून संध्याकाळी राम अयोध्येत परत.

तरी एल.पी.त एक गुण उरला होता, तो कॅसेटमध्ये थोडा गेला आणि फोनमध्ये पार गेला. वीसेक मिनिटांनी उठावं लागतं. बाजू संपते, सुई आतल्या गोल रेघेत फिरत राहते, खस् खस् असा आवाज येतो, आणि कोणीतरी उठून बाजू पालटतं. वीस वेळा. त्या उठण्यात ‘पुढची लावायची का?’ हा प्रश्न असतो. फोन तो प्रश्न विचारत नाही. आम्हांला विचाराल तर तबकडीची सगळी जादू, तो ऊबदार आवाज वगैरे जे बोललं जातं, त्यातलं निम्मं या उठण्यात आहे. बाकीचं निम्मं चांगल्या सुईत. स्वस्त सुईवर महागडी तबकडी वाजवणारे लोक आम्ही पाहिलेत, ते पैसे घालवतात आणि तबकडीही.

आता २०१७मध्ये काय झालं पाहा. तीच कंपनी, नाव बदलून सारेगामा झालेली, तिने ‘कारवां’ नावाची पेटी काढली. पाच हजार गाणी आत भरलेली. मराठीतही आली. दिसायला कशी? जुन्या रेडिओसारखी! ज्या कंपनीने रेडिओवरचं गाणं तबकडीत भरून विकलं, तिने शेवटी तबकडीतलं गाणं रेडिओच्या खोक्यात भरून विकलं. (हशा) आणि ती खपली. वडिलांच्या साठीला, आजीच्या वाढदिवसाला मुलांनी घेऊन दिली. आम्ही तिला नावं ठेवणार नाही. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एक खटका दाबून आवडतं गाणं मिळतं, ही लहान गोष्ट नाही. पण समीक्षा करायचीच तर, ती पेटी काही म्हणत नाही. पाच हजार गाणी म्हणजे कोठार. संच म्हणजे कोणीतरी केलेली मांडणी. अमक्याने हे आधी ठेवलं, ते नंतर, हे वगळलं. मांडणीशी भांडता येतं, कोठाराशी भांडता येत नाही.

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडची गोष्ट याच्या उलट टोकाची. हे लोक कार्यक्रमात श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू द्यायचे, माइक लावून बसणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवायचे. लोक त्या टेपा एकमेकांना फुकट देत. या बँडच्या १९७२च्या युरोप दौऱ्याचे सगळे बावीस कार्यक्रम २०११मध्ये एका पेटीत आले. त्र्याहत्तर सीडी! पेटी प्रवासी ट्रंकेसारखी, आणि काढल्या फक्त ७,२०० प्रती. चार दिवसांत संपल्या. एकच गाणं त्यात कितीतरी वेळा येतं, दर रात्री निराळं. वेडेपणा म्हणा, पण हा आम्हांला शहाणा वेडेपणा वाटतो. कारण त्या पेटीने एक रात्र निवडून बाकीच्या पुसल्या नाहीत. आमच्या गीतरामायणाच्या बाबतीत नेमकं हे झालं नाही. माणिकबाईंचं एक, बाबूजींचं एक, अशी दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवणारी पेटी घराघरात गेली असती, तर कान वेगळे तयार झाले असते.

आता हौसेवर. आम्हीही ती केली आहे, लपवत नाही. हा दहा एल.पी.चा संच आम्ही पुण्यात जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडून घेतला. महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे गेले. एक तबकडी कमी आहे, सहावी. विक्रेत्याने ते आधीच सांगितलं होतं, आणि त्याचे पैसे कमी केले नाहीत, हेही सांगतो. (हशा) खोक्याचे कोपरे झिजलेले, आत कोणाच्या तरी घरची तारीख पेनने घातलेली. तुमच्याकडचा पाऊस असा की इथे ठेवला तर वेष्टनांना बुरशी चढेल. उभा ठेवावा लागतो, आडवा रचला की वजनाने तबकड्या वाकतात. इतकं सगळं करून जे ऐकू येतं ते फोनवर आहेच, आणि तिथे सहावी तबकडीही आहे.

मग पैसे कोणाला गेले? हा प्रश्न नव्या बँडच्या बाबतीत सोपा आहे. एखादा छोटा बँड स्वतः पेटी काढतो, तुम्ही ती त्याच्याकडून घेता, पैसे त्याच्या पुढच्या रेकॉर्डिंगला लागतात. फोनवर हजारदा ऐकून त्यांच्या हातात जे पडतं ते फार थोडं असतं, एक पेटी त्याहून जास्त देते. म्हणून पहिला पगार घालणाऱ्या त्या मुलाच्या आईवडिलांना आमचं सांगणं आहे की, त्याला रागावू नका. फक्त विचारा, पेटी कोणी काढली? बँडने की गोदामाने? जुन्या बाजारात मात्र सगळे पैसे विक्रेत्याला जातात. माडगूळकर १९७७ला गेले, फडके २००२ला. आम्ही दिलेल्या रकमेतला पैसाही त्यांच्या घराकडे वळला नाही.

कायद्याचीही एक गंमत आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो. कवीच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, तसाच संगीतकाराचा. म्हणजे साठच्या दशकातली ही मुद्रणं एकेक करून मोकळी होण्याच्या वेळेला आली आहेत, शब्द मात्र २०३७ संपेपर्यंत आणि चाली २०६२ संपेपर्यंत बांधलेल्या. पेटी सुटेल, आतलं गाणं सुटणार नाही. आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा लिहून देता येणार नाही असा केला, तो आधी असता तर कितीतरी मराठी कवींची म्हातारपणं वेगळी गेली असती.

शेवटचा मुद्दा सांगतो, मग प्रश्न घेऊ. तो मुद्दा इथून निघणाऱ्या रस्त्यावरच आहे. घोटीहून सिन्नरकडे रस्ता जातो. सिन्नर तालुक्यात देशवंडी हे गाव. १९२२ साली वामनदादा कर्डक तिथे जन्मले. हजारोंनी गाणी लिहिली. माडगूळकर-फडक्यांहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे एकाच पिढीतले. जयंतीच्या रात्री त्यांची गाणी गात नाही अशी वस्ती नाशिक जिल्ह्यात शोधावी लागेल. लोकांनी ती वहीत उतरवली, वहीतून वहीत गेली, जलशांत गायली, कॅसेटवर आली, आणि कित्येकदा गाणं कोणाचं ते न सांगता गायली गेली. पुस्तकं निघाली. पण सुधीर फडक्यांसारखा, त्या काळात, त्यांच्याच आवाजात, दहा तबकड्यांचा एक घट्ट संच? तो कोणी काढला नाही. ज्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता त्याच्या आवडीचं गाणं पेटीत गेलं. ज्याच्याकडे नव्हता त्याचं गाणं तोंडात राहिलं. पेटी कोणाला मिळते हे गाण्याच्या उंचीवरच ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या खिशावरही ठरतं. गीतरामायणाची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण ‘मराठी गाण्याचा ठेवा’ म्हणून जी यादी आपण घोकतो, ती बरीचशी त्या काळी रेकॉर्ड विकत घेऊ शकणाऱ्यांची यादी आहे, एवढं डोळ्यांआड होऊ नये.

घ्या, प्रश्न घ्या.

प्रश्न (श्रोत्यांतून) : सर, वामनदादांची पेटी आता काढली तर? तुम्ही घ्याल का?

घेऊ की. पण कशी काढता त्यावर. एकाच गायकाकडून शंभर गाणी गाऊन घेतलीत, वर चकचकीत पुठ्ठा घातलात, तर पुन्हा तेच होईल, पन्नास वर्षांनी लोक त्या गायकालाच वामनदादा समजतील. एकच गाणं देशवंडीत कसं गातात, मनमाडला कसं, मुंबईच्या चाळीत कसं, हे शेजारी शेजारी ठेवलंत तर घेऊ. ग्रेटफुल डेडवाल्यांनी बावीस रात्री ठेवल्याच ना? आणि पुस्तिकेत गाणाऱ्यांची नावं घाला. सगळ्यांची.

प्रश्न (एक बाई) : आमच्या सासूबाईंच्या वहीत गीतरामायणाची कात्रणं आहेत. रद्दीत द्यायची नाहीत एवढं कळलं. पण ठेवायची कशी?

ताई, आधी त्यांना विचारा, कोणतं गाणं कोणी गायलं होतं ते आठवतं का. आठवत असेल तर कात्रणाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा, शाईने नको. वहीला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, इथल्या हवेत आतून घाम धरतो. सुती फडक्यात गुंडाळा आणि पावसाळा संपला की सावलीत उघडून ठेवा. त्यांना एखादी चाल वेगळी आठवत असेल, तर ती फोनवर म्हणून घ्या. चुकलं म्हणून थांबवू नका.

प्रश्न (मागून, एक विद्यार्थी) : मग तुमची ती सहावी तबकडी? ऑनलाइन सुटी मिळते की.

मिळते, पाहिली आहे. घेतली नाही अजून. पाचवी संपली की आम्ही यंत्र बंद करतो आणि घरात ज्याला जे येतं ते म्हणतो. आमच्या वहिनी चांगलं म्हणतात, आम्ही वाईट म्हणतो. मग सातवी लावतो. आज येताना पाचवीच आणली आहे, यंत्र बाहेर टेबलावर जोडलेलं आहे. चहा घेऊन या, बाजू पालटायला कोणीतरी जवळ बसा.